झोपवलेलं मशीन आणि अर्धं वाक्य

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. माळ्यावर एकेक रिकामा डबा टाकत जावा तसे ते टाकले जातात, आणि एके दिवशी चहाला आलेलं कुणीतरी म्हणतं, "बाई, ते तुमच्या कम्प्युटर सेंटरचं सांगा ना!" मग एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. आमच्या सेंटरच्या निम्म्या किश्श्यांत नामदेवभाऊ आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांत ते कुठेतरी मागे उभे असतातच.

आधी थोडं समजून घ्या, म्हणजे पुढे अडायला होणार नाही. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. चंद्रपुरात एका सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर एक मोठा कम्प्युटर होता, लोखंडी कपाटांची रांग लावावी तेवढा. जंगलखातं, कोळशाचं ऑफिस, विजेचं ऑफिस आणि आम्ही स्वतः, असे चौघे त्यावर काम करायचो. गंमत अशी की प्रत्येकाला आपल्या टर्मिनलवर, म्हणजे कीबोर्ड जोडलेल्या पडद्यावर, आख्खं मशीन आपलं एकट्याचंच आहे असं दिसायचं. खरं मशीन एक, त्याच्या आत भासाची चार.

आता खऱ्या मशीनचा मूळ प्रोग्राम अधूनमधून बदलावा लागे. नवी टेप यायची आणि तिच्यासोबत कंपनीचा इंजिनियर. तेव्हा आतली चारही मशिनं चालत्या कामासकट, होती तशी गोठवून टेपवर उतरवायची, मूळ प्रोग्राम बदलायचा, आणि मग ती जिथे थांबली होती तिथूनच पुढे चालू करायची. आम्ही याला 'झोपवणं' आणि 'उठवणं' म्हणायचो. झोपवा-उठवायचा प्रोग्राम लिहिणारी मी. गोंडपिपरीच्या एका मास्तरांची मुलगी, नागपुरात शिकलेली, नोकरीला नवी. मशीनरूम मात्र नामदेवभाऊंची. ते हेड ऑपरेटर, सिंदेवाहीकडच्या धानाच्या, म्हणजे भातशेतीच्या घरातले, वयाने माझ्याहून बरेच मोठे. आणि आमचे साहेब कुलकर्णी, पुण्याहून आलेले. चंद्रपूरच्या उन्हाने पहिल्या वर्षी ते खचले होते, दुसऱ्या वर्षी मशीनरूमच्या एसीत स्वतःचं टेबल हलवून सुखी झाले.

* * *

एकदा जंगलखात्याचे एक मोठे अधिकारी सेंटर बघायला आले. कुलकर्णीसाहेबांनी फळ्यावर चौकोन काढून, चौकोनात चौकोन काढून, एका मशीनमध्ये चार मशिनं कशी राहतात हे समजावलं. अधिकारी मान हलवत होते, पण डोळे घड्याळाकडे. शेवटी त्यांनी नामदेवभाऊंनाच विचारलं, "तुम्हाला समजलं का हो हे?"

"समजलं ना साहेब. जंगलातला रेस्ट हाऊस हाय, असं धरा. चांगली खोली एकच. चौकीदार चार साहेबायले सांगते, ही खोली तुमचीच. एक साहेब दौऱ्यावर गेला का त्याचं सामान उचलते अन् दुसऱ्याचं मांडते. चष्मा उशीच्या कोन्या बाजूले होता, पुस्तक कोन्या पानावर पालथं होतं, सारं त्याच्या ध्यानात. पह्यला साहेब वापस आला का त्याले वाटते, आपली खोली आपलीच वाट पाहून राह्यली!"

अधिकाऱ्यांना एकदम समजलं. फार खूश झाले. चहा घेतला, फिरून सगळं पाहिलं, आणि जीपमध्ये एक पाय ठेवून थांबले.

"नामदेवराव, उशीला कधीकधी दुसऱ्याच कुठल्या तेलाचा वास येतो. तो म्हणजे..."

"वास तेवढा राह्यते साहेब, त्याले इलाज नाई!"

* * *

नामदेवभाऊंचा आवाज ही आमच्या सेंटरची एक मालमत्ता होती. धानाची कापणी झाली की आमच्याकडे झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, आणि भाऊ एका मंडळीचे प्रॉम्प्टर. विंगेत बसून नटाला वाक्यं पुरवायची. नटाला ऐकू गेलं पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या पाटलाला नाही, असा आवाज लागतो त्याला. हाच माणूस फोनवर बोलला की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागे.

त्यांच्या मंडळीत एक रिवाज होता. नाटकात मधेच लाईट गेली की कुणीही जागा सोडायची नाही. तलवार उचललेली असेल तर उचललेलीच. लाईट आली की प्रॉम्प्टरने तुटलेल्या वाक्याचा आधीचा अर्धा भाग सांगायचा, आणि उरलेला अर्धा नटाने म्हणायचा. की गाडी परत रुळावर.

"पूरं वाक्य काऊन नाई सांगत, भाऊ?" मी एकदा विचारलं.

"पूरं सांगतलं त तो फक्त ऐकते, बाई. अर्धं सांगतलं का त्याले उरलेलं आठवा लागते. आठवलं म्हंजे माणूस वापस आला."

याच रिवाजातला त्यांचा आवडता प्रसंग म्हणजे नायकाच्या मरणाचा. नायक बाण लागून पडला होता, शेवटचं भाषण चालू होतं आणि लाईट गेली. बराच वेळ आली नाही. नायक पडल्या जागी पडून राहिला. लाईट आली तेव्हा तो घोरत होता! भाऊंनी विंगेतून अर्धं वाक्य सोडलं, "आई, तुझ्या या लेकराने..." घोरणं थांबलं. डोळे न उघडता नायकाने उरलेलं म्हटलं, "...दिलेला शब्द पाळला!" आणि रीतसर मेला.

लोकांनी इतक्या टाळ्या दिल्या की त्याला पुन्हा मरावं लागलं.

* * *

आमची पहिली झोपवणी झाली तेव्हाची गोष्ट. मी भाऊंना म्हटलं, मशिनं झोपवायच्या आधी सगळ्या ऑफिसांना फोन करून सांगा, कुणी टाईप करत असेल तर हात काढून घ्या. भाऊंनी फोन लावले. त्यांच्या डोक्यात नाटक. ते सांगत सुटले, "नामदेव बोलून राह्यलो. आता लाईट गेली असं समजा. जिथी हात तिथी हात. जागा सोडू नका!"

आम्ही मशिनं झोपवली, नवी टेप चढवली, इंजिनियरने त्याचे सोपस्कार केले. मधे चहा झाला, पोहे झाले. दुपार कलायला लागली तेव्हा कोळशाच्या ऑफिसातून फोन आला. हेडक्लार्क होते. आवाज दबका, जणू जोरात बोललं तर काही बिघडेल.

"बाई, शिपायाने फोन कानाले लावून धरला हाय. आमी चौघं सकाळपासून बोटं कीबोर्डवर ठेवून बसलो आहो. नाक खाजवलं त चालते काय?"

त्यानंतर नियम बदलला. भाऊंनी फोनवर "हात वर!" म्हणायचं, की सगळ्यांनी हात उचलून खुशाल फिरायला जायचं. मशिनं उठली की "हात खाली!" हे दोन शब्द त्या सगळ्या ऑफिसांत इतके रुजले की कोळशाच्या ऑफिसात म्हणे जेवणाची सुट्टीही "हात वर" म्हणूनच व्हायला लागली.

* * *

झोपलेल्या मशीनला मधे किती काळ गेला ते कळत नाही. उठल्यावर त्याच्या घड्याळात तीच वेळ असते जी झोपताना होती. हे मला माहीत होतं, पण त्याचं काय होतं ते मडावीसाहेबांनी शिकवलं.

मडावीसाहेब जंगलखात्याचे, मूळ धानोऱ्याकडचे, तेव्हा आलापल्लीला. सागाच्या वाढीचा हिशेब ते आमच्या सेंटरमध्ये येऊन मशीनवर चालवायचे. बोलणं कमी, आणि टाईप एका बोटाने. आम्ही मशिनं शनिवारी सकाळी झोपवली आणि सोमवारी दुपारी उठवली. मडावीसाहेबांनी कागद छापून काढला, वरची तारीख बघितली, आणि पिशवी उचलून "जोहार" करत निघाले.

"कुठे चाललात, साहेब?"

"घरी. मशीन म्हणते आज शनिवार. शनिवारी अर्धा दिवस!"

तेव्हापासून मशिनं उठली की त्यांची घड्याळं लावायचं काम नामदेवभाऊंकडे आलं. प्रत्येक मशीनला हाताने खरी तारीख, खरी वेळ द्यायची. भाऊ आपल्या मनगटावरच्या घड्याळात बघून द्यायचे, आणि ते घड्याळ खाणीच्या भोंग्यावर लावलेलं. कुलकर्णीसाहेब एकदा म्हणाले की आकाशवाणीवर लावणं जास्त बरोबर होईल. भाऊ म्हणाले, "आकाशवाणीवर कोनी जेवाले जाते काय साहेब? भोंग्यावर जाते!" या कामाला भाऊ दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

* * *

मडावीसाहेबांचाच आणखी एक. त्या वेळी माझा प्रोग्राम एक गोष्ट जपत नव्हता: टाईप करता करता राहिलेली अर्धी ओळ. एंटर दाबलेलं सगळं राहायचं, पण अर्धी ओळ उडून जायची. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ज्याची त्याने परत टाईप करावी!

एका उठवणीनंतर मडावीसाहेब आलापल्लीहून बसने आले. माझ्या टेबलापाशी उभे राहिले. तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला.

"बाई, मी एका बोटाने टाईप करतो. अर्धी ओळ म्हणजे माझी अख्खी सकाळ असते."

कुलकर्णीसाहेबांना हसू आवरेना. पण अर्धी ओळ जपायची तर प्रोग्राम पुष्कळ बदलावा लागणार होता, पडद्यावरची अक्षरंही साठवावी लागणार होती. साहेब म्हणाले, "एवढ्यासाठी? कुणाचं काय अडतं अर्ध्या वाक्यावाचून?"

भाऊ टेप पुसत होते. ते वर न बघता म्हणाले, "अर्धं वाक्य फेकू नका साहेब. माणूस त्याच्यावरच त उभा राह्यते."

साहेबांनी दोन्ही हात वर केले. "बरं बाबा, हात वर!" मग मी ते काम केलं. पुढच्या उठवणीला मडावीसाहेबांची अर्धी ओळ जिथल्या तिथे, पुढे चौकोनी ठिपका लुकलुकतोय. ते ती ओळ खूप वेळ बघत बसले. पूर्ण करायला त्यांना अर्थातच दुपार लागली.

* * *

आता यापुढचे किस्से हसत सांगायचे म्हटलं तरी मला तसे सांगता येत नाहीत.

भाऊंना खर्रा लागायचा. सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला तो खर्रा आमच्याकडे घराघरात. मशीनरूममध्ये बंदी, म्हणून ते आपली पुडी बाहेर खिडकीच्या कठड्यावर ठेवायचे. एका उन्हाळ्यात त्यांचा आवाज बसला. थंड पाणी प्यालो, म्हणाले. पावसाळ्यात तो आणखी बसला. एसी लागला, म्हणाले. खिडकीवरची पुडी दिसेनाशी झाली तेव्हा मला भीती वाटली. भाऊंनी आपण होऊन पुडी सोडली, म्हणजे डॉक्टरने काहीतरी सांगितलेलं असणार.

दिवाळीच्या आधी एक छोटी झोपवणी होती. भाऊंनी नेहमीप्रमाणे कोळशाच्या ऑफिसला फोन लावला. "नामदेव बोलून राह्यलो. हात वर." घसा खरवडून काढलेला, जेमतेम आवाज.

पलीकडून हेडक्लार्कचं बोलणं मला इकडे ऐकू आलं. "कोन? नामदेवभाऊले द्या जी. त्यायच्या आवाजाशिवाय आमी हात काढत नाई."

भाऊंनी परत सांगितलं. पलीकडून परत तेच. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "अहो, तेच बोलताहेत."

"मजाक करता का बाई!" हेडक्लार्क हसले.

भाऊंनी उरलेल्या ऑफिसांच्या नंबरांची वही माझ्याकडे सरकवली.

* * *

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल, बहुधा. आवाज राहणार नाही, हे नक्की. पुढे मानेला एक छिद्र ठेवतील, श्वास तिथून. भाऊ हे सगळं मला असं सांगत होते, जणू कुठल्या तरी टेप ड्राईव्हची दुरुस्ती निघालीय.

ते निघायचे त्याच दिवशी आमची मोठी झोपवणी होती. या वेळी मूळ प्रोग्राम पार नवा येणार होता, जुना जाणार होता. इंजिनियर येऊन बसला होता, पुढे ढकलणं शक्य नव्हतं. दुपारच्या गाडीच्या आधी भाऊ काम करायला आलेच. आम्ही दोघं खिडकीपाशी उभे होतो.

"बाई, एक विचारू? मशीन बदलते अन् आतलं सारं तसंच राह्यते, असं तुमी लोकायले सांगता. खरंच राह्यते काय?"

त्यांना काय विचारायचं होतं ते मला समजलं. मला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं पूर्ण माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बहुतेक वेळा राहतं, भाऊ."

"बहुतेक!" ते हसले. त्या हसण्याला आवाज नव्हता. "बाकी कोनी असती त 'हो' म्हणून मोकळी झाली असती. चला, लावा तुमचं."

ते आपल्या टर्मिनलवर जाऊन बसले. काहीतरी टाईप करत होते. तेवढ्यात त्यांचा मुलगा रिक्षा घेऊन आला, गाडीची वेळ झाली म्हणाला. भाऊ तसेच उठले. दारात चपला घातल्या, आणि मशीनरूमकडे तोंड करून दोन्ही हात वर केले.

मी मशिनं झोपवली.

* * *

जंगलाचं मशीन उठलं. कोळशाचं उठलं, विजेचं उठलं. चौथं, म्हणजे आमचं स्वतःचं, उठेना.

ते होतं देखरेखीचं मशीन, भाऊंचं. नव्या मूळ प्रोग्रामने आतल्या सगळ्या मांडणीचा क्रम बदलला होता. बाकीच्या तिघांचं मी जुळवून घेतलं. पण भाऊंचं मशीन खऱ्या मशीनच्या सगळ्यात जवळ राहणारं, बाकीच्यांवर लक्ष ठेवणारं. त्याची प्रत्येक गाठ खऱ्या मशीनशी मारलेली, आणि ते खरं मशीनच आता वेगळं होतं. उठवलं की ते एक श्वास घेतल्यासारखं करायचं आणि बंद पडायचं.

"सोडून द्या," कुलकर्णीसाहेब म्हणाले. "नवीन बनवा. अर्ध्या दिवसाचं काम. आहे काय असं त्या जुन्यात?"

खरं होतं त्यांचं. मी नवीन बनवलं आणि त्यावर सेंटर चालू झालं. पण जुन्याची टेप मी पुसली नाही. रोजचं काम संपलं की ती चढवायची, एकेक गाठ सोडवायची. नागपूरहून निरोप आला होता: ऑपरेशन झालं, आवाज गेला, भाऊ अजून कुणाला भेटत नाहीत. मला वाटायचं, ते आले आणि त्यांच्या खुर्चीसमोर परकं मशीन दिसलं, तर? माणसाने तेवढ्या एका दिवसात किती परकं सहन करायचं? हा काही इंजिनियरिंगचा विचार नव्हता, हे मला कळत होतं.

मग एके दिवशी विजेच्या ऑफिसचं एक काम मधेच अडकलं. मी आतल्या खोलीत होते. कुलकर्णीसाहेब भाऊंच्या टर्मिनलवर बसून काहीतरी टाईप करत होते आणि मशीन त्यांना पुन्हा पुन्हा टुंग टुंग करून झिडकारत होतं. मी जाऊन पाहिलं.

भाऊंनी आपल्या मशीनवर स्वतःचे हुकूम बनवून ठेवले होते, रोमन अक्षरांत, आपल्या बोलीत. एखादं काम अडकलं की ते टाईप करायचे "काऊन", म्हणजे "का", आणि मशीन अडकण्याचं कारण दाखवायचं. नव्या मशीनला यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि सदाशिव पेठेत वाढलेले आमचे साहेब, चष्मा कपाळावर सरकवून, तिसऱ्यांदा टाईप करत होते: काऊन. काऊन. काऊन.

मला बघून ते ओशाळले. मग चष्मा खाली घेऊन म्हणाले, "सुजाताबाई, ते जुनंच उठवा."

* * *

साहेबही माझ्यासोबत बसायला लागले. ते मांडणीचे कागद वाचायचे, मी गाठी सोडवायची. मडावीसाहेब आलापल्लीहून कामाला आले की शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. त्यांना यातलं काही करता येत नव्हतं, पण उठून जायचे नाहीत.

एका सकाळी ते उठलं. आधी वाटलं, नेहमीप्रमाणे पुन्हा पडेल. पडलं नाही. भाऊंच्या पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली, त्यांनी सोडलं होतं तसं सगळं. कोपऱ्यात तारीख होती ते गेले त्या दिवशीची. साहेबांनी टाळी वाजवली. आणि मग सगळ्यात खाली आमचं लक्ष गेलं.

तिथे एक अर्धी ओळ होती. माझ्या नावाने निरोप पाठवायला त्यांनी सुरुवात केली होती, आणि रिक्षा आली म्हणून एंटर न दाबता उठले होते. रोमन अक्षरांत होतं, पण मला ते त्यांच्याच जुन्या आवाजात ऐकू आलं:

"बाई, मी वापस आलो नाई त"

पुढे चौकोनी ठिपका लुकलुकत होता.

वाक्याचं पुढे काय असणार, हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. नंतर साहेबांनी हळूच विचारलं, "पुसायचं का? ते यायच्या आत?"

एकदा हात पुढे केला मी. पण अर्धं वाक्य फेकू नका, असं ज्यांनी सांगितलं त्यांचंच वाक्य होतं ते. मी हात मागे घेतला.

"निदान घड्याळ तरी लावा," साहेब म्हणाले.

"राहू द्या," मडावीसाहेब म्हणाले. "ते काम भाऊचं आहे." मी ते मशीन तसंच परत झोपवलं, आणि भाऊ आले त्या सकाळीच उठवलं.

* * *

नामदेवभाऊ आले ते शेतात धान कापून झाल्यावर, नाटकांच्या दिवसांत. खाणीचा सकाळचा भोंगा होऊन गेला होता. मानेभोवती सुती दुपट्टा गुंडाळलेला, अंगाने अर्धे झालेले. चपला दाराबाहेर काढल्या, जागच्या जागी, आणि आत आले.

आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो, नको तितक्या मोठ्याने. जो बोलू शकत नाही त्याच्यासमोर लोक असं का करतात कोण जाणे! साहेब चहाचं विचारत होते, मी जेवणाचं, कुणी गाडीला गर्दी होती का म्हणून. भाऊंनी दोन्ही हात वर केले. आम्ही गप्प झालो.

ते आपल्या खुर्चीत बसले. पडदा बघितला. आधी कोपऱ्यातली तारीख बघितली, मग मनगटावरचं घड्याळ, मग परत तारीख. मग नजर खाली आली आणि त्या अर्ध्या ओळीवर थांबली.

मला वाटलं, पुसायला हवी होती. कशाला ठेवली आपण? त्या क्षणी मला स्वतःचा फार राग आला. त्यांचा दुपट्टा श्वासाबरोबर किंचित हलत होता, तेवढंच काय ते हलत होतं. मडावीसाहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते.

मग भाऊंनी बोटं मोडली आणि हात कीबोर्डवर ठेवले. थोडीशीच अक्षरं टाईप केली. एंटर दाबलं.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या टर्मिनलची घंटी वाजली. मी तिथपर्यंत गेले. निरोप पाठवणारे: नामदेव. तारीख: ते नागपूरला गेले त्या दिवशीची. आणि खाली ओळ, आता पूर्ण:

"बाई, मी वापस आलो नाई त जाईन कुठी?"